प्रतिकारशक्ती माणसाची, प्रतिरोध जंतूचा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत नुकताच प्रतिजैविकांवर एक लेख आला. लेख कळकळीने लिहिलेला आणि बहुतांशी बिनचूक होता. पण मथळा होता 'रुग्णांमध्ये वाढते आहे प्रतिजैविकांविरुद्धची प्रतिकारशक्ती', आणि आत दोन-तीन ठिकाणी 'शरीराला औषधाची सवय होते' असे म्हटले होते. एका शब्दासाठी एवढे लांब पत्र कशाला, असे आपल्याला वाटेल. मी ३१ वर्षे सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जंतू आणि औषधे यांच्यावरच काम केले. हा शब्द चुकला की पुढे काय काय चुकत जाते ते मी कामावर पाहिले आणि माझ्या घरातही पाहिले. म्हणून लिहिते आहे.

प्रतिकारशक्ती आपली असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, प्रतिपिंडे, लस घेतल्यावर शरीर जे लक्षात ठेवते ते, हे सगळे तिच्यात आले. ती वाढली तर आनंदच आहे. औषध निकामी ठरते तेव्हा बदललेला असतो जंतू. माणसाचे शरीर होते तसेच असते. त्या जंतूकडे औषध तोडणारे एखादे एन्झाइम असते, किंवा आत शिरलेले औषध बाहेर फेकणारा पंप असतो, किंवा औषध जिथे जाऊन चिकटायचे ती जागाच त्याच्यात वेगळी घडलेली असते. याला प्रतिरोध म्हणायचे. आपल्या मथळ्याने जंतूचा हा गुण उचलून रुग्णाच्या नावावर टाकला.

दोष एकट्या वर्तमानपत्रांचा नाही. वॉर्डातही सर्रास तसेच बोलतात. 'सात नंबरचा पेशंट मेरोपेनेमला रेझिस्टंट आहे.' मेरोपेनेम हे गंभीर संसर्गात वापरायचे प्रतिजैविक. फोनवर रिपोर्ट कळवताना मीही कित्येक वर्षे असेच सांगत आले. घाईत ते सोपे पडते. समोरच्या प्लेटमध्ये जंतू असायचा, तोंडातून मात्र पेशंटच निघायचा.

ती प्लेट वाचकांनी कधी पाहिलेली नसते, म्हणून थोडे सांगते. रुग्णाच्या रक्तातून, लघवीतून किंवा जखमेतून जंतू वाढवून घेतला की त्याचे ठरावीक गढूळपणाचे द्रावण करायचे. ते म्यूलर-हिंटन अगारच्या, म्हणजे जंतूंना पोसणाऱ्या जेलीच्या, प्लेटवर स्वॅबने सगळीकडे सारखे पसरायचे. वर औषधांच्या कागदी चकत्या ठेवायच्या, एकेक ६ मिलिमीटरची. मग प्लेट ३५ अंशांच्या आसपास १६ ते १८ तास इनक्युबेटरमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटवर जंतूंचा सायीसारखा थर आलेला असतो, आणि ज्या औषधापुढे जंतूचे काही चालत नाही त्या चकतीभोवती स्वच्छ गोल रिकामा राहिलेला असतो. त्या गोलाचा व्यास मोजायचा. क्लेबसिएलासारख्या जंतूसाठी मेरोपेनेमचा गोल २३ मिलिमीटर किंवा जास्त भरला तर औषध चालेल. १९ किंवा कमी भरला तर चालणार नाही. ही पद्धत १९६६ साली बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट बसवून दिली. आता यंत्रे आली, जनुके तासाभरात ओळखणाऱ्या चाचण्या आल्या, तरी ही प्लेट जगभर अजून रोज वाचली जाते. या सगळ्यात माणूस कुठेच नसतो. चकती, अगार आणि जंतू, एवढेच. माणसाचे रक्त, त्याची सवय, त्याची शक्ती यांतले काहीही त्या प्लेटमध्ये नसते आणि तरी औषध हरते. प्रतिरोध कुणाचा, हे दाखवायला याहून उघड पुरावा मला माहीत नाही.

माझे थोरले बंधू पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी एका रुग्णालयात दाखल झाले होते. शस्त्रक्रिया नीट झाली. अकराव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. लगेच प्रतिजैविक सुरू झाले, रक्त मात्र दोन दिवसांनी कल्चरला, म्हणजे त्यातला जंतू वाढवून ओळखायला, गेले. रिपोर्ट आला, 'वाढ नाही'. औषध सुरू झाल्यावर घेतलेल्या रक्तात जंतू असूनही पुष्कळदा असाच रिपोर्ट येतो, कारण बाटलीत जंतूबरोबर औषधही उतरते. ताप हटेना तेव्हा पुन्हा रक्त पाठवले. त्यात क्लेबसिएला वाढला. मेरोपेनेमच्या चकतीभोवतीचा आकडा होता ६ मिलिमीटर. म्हणजे नुसती चकती. जंतू थेट तिच्या कडेला येऊन टेकला होता. एकोणिसाव्या दिवशी दादा गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी वहिनींनी मला एकटीला गाठून विचारले, "ते सर्दी-खोकल्याने आजारी होते ना मागच्या वर्षी, तेव्हा घरात उरलेल्या गोळ्या मीच दिल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, शरीर रेझिस्टंट झालंय. म्हणजे माझ्यामुळेच ना?"

कित्येक महिने त्या हे मनात धरून बसल्या होत्या. कुणी त्यांना दोष दिला नव्हता. एका वाक्याने दिला होता.

उरलेल्या गोळ्या द्यायला नकोत, हे खरेच. सर्दी विषाणूंमुळे होते, तिथे प्रतिजैविकाचे काही कामच नसते. उलट आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंमध्ये जे प्रतिरोधी असतील त्यांना मोकळे रान मिळते. पण त्या गोळ्यांनी दादांचे शरीर बदललेले नव्हते. मेरोपेनेमला न जुमानणारा तो क्लेबसिएला घरातल्या साध्या गोळ्यांतून जन्माला आला नव्हता. बहुधा तो रुग्णालयातच त्यांच्यापर्यंत पोचला. कुणाच्या तरी आतड्यातून कुणाच्या तरी हातावर, तिथून एखाद्या नळीवर. कधी कधी असे जंतू सिंकच्या मोरीत महिनोन् महिने मुक्काम करून असतात. माझ्या कामात मी वेगवेगळ्या वॉर्डांतल्या रुग्णांचे जंतू घेऊन त्यांच्या डीएनएचे पट्टे शेजारी शेजारी लावून पाहत असे. एकमेकांना कधीही न भेटलेल्या तीन माणसांचे पट्टे हुबेहूब सारखे निघाले की कळायचे, जंतू एकच आहे आणि तो चालत गेलेला आहे. त्या तिघांपैकी एकाने आयुष्यात क्वचितच औषध घेतलेले असायचे. त्याच्या घरचे हमखास विचारायचे, "याने तर कधी गोळी घेतली नाही, मग याचं शरीर रेझिस्टंट कसं?" प्रश्न बरोबर असायचा. शब्द चुकीचा असल्यामुळे त्यांना उत्तर सापडत नसे.

'सवय होते' हा दुसरा शब्द. औषधाची थोडी थोडी चव घेत जंतू त्याला सरावतो, असे चित्र त्यातून उभे राहते. हा समज आजचा नाही. पेनिसिलिनच्या शोधासाठी फ्लोरी आणि चेन यांच्याबरोबर नोबेल मिळाले तेव्हा डिसेंबर १९४५ मधल्या आपल्या व्याख्यानात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीही काहीशी हीच भाषा वापरली होती. त्यांनी एक काल्पनिक गृहस्थ उभे केले. घसा दुखतो म्हणून हे गृहस्थ स्वतःच पेनिसिलिन आणतात आणि अपुरे घेतात. जंतू मरत नाहीत, पेनिसिलिनला तोंड द्यायला शिकतात. मग तेच जंतू त्यांच्या पत्नीला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती मरते. जंतू 'शिकतात' हा भाग सोडला तर या गोष्टीत फ्लेमिंगनी मर्मावर बोट ठेवले होते. औषध घेतले नवऱ्याने, मेली बायको. प्रतिरोध शरीराचा असता तर तो नवऱ्याच्याच शरीरात राहिला असता. जंतूचा होता म्हणून तो उंबरठा ओलांडून गेला.

आता शिकण्याचे. सात वर्षांनी, १९५२ मध्ये, एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या दांपत्याने एक प्रयोग प्रसिद्ध केला. माझ्या विद्यार्थ्यांना मी दर वर्षी पहिल्या आठवड्यात तो करायला लावत असे. प्लेटवर जंतू वाढवायचे. त्यावर मखमलीचा निर्जंतुक तुकडा हलकेच दाबायचा. मखमलीच्या लवेवर सगळ्या जंतूंचा ठसा उमटतो. तोच ठसा स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या दुसऱ्या प्लेटवर उठवायचा. दुसऱ्या प्लेटवर बहुतेक सगळे मरतात, एखाद-दुसरी वसाहत उगवते. खरी गंमत पुढे आहे. पहिल्या प्लेटवर, जिला औषध लागलेलेच नाही, नेमक्या त्याच जागी परत जायचे आणि तिथले जंतू उचलून तपासायचे. ते आधीपासूनच प्रतिरोधी निघतात. औषध त्यांना भेटायच्या आधी. म्हणजे औषधाने कुणाला शिकवले नाही. कोट्यवधी जंतूंमध्ये एखादा जन्मतःच वेगळा होता; औषधाने बाकीच्यांना मारून त्याला मैदान रिकामे करून दिले. ई. कोलाय हा जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. रिकामे मैदान भरायला त्याला एक रात्र पुष्कळ होते.

मखमलीवरचा ठसा पहिल्यांदा उठतो तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. वर्षाअखेरीस बाकीचे काही विसरले तरी हे विसरत नाहीत.

आणि हे आजचेही नाही. ३०,००० वर्षे गोठून राहिलेल्या मातीतल्या डीएनएमध्ये पेनिसिलिनच्या जातीची औषधे, टेट्रासायक्लिन आणि व्हॅन्कोमायसिन यांना दाद न देणारी जनुके सापडल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. बुरशी आणि मातीतले जंतू ही अस्त्रे एकमेकांवर फार पूर्वीपासून चालवत आले आहेत, म्हणून ढालीही तितक्याच जुन्या आहेत. पेनिसिलिन तोडणारे एन्झाइम अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच नोंदवले होते. ऑक्सफर्डच्या चमूने रुग्णाला पेनिसिलिन टोचले ते १९४१ मध्ये. औषध दवाखान्यात पोचायच्या आधी त्याचा तोड कागदावर आलेला होता. औषधे आपण टनावारी वापरू लागलो तेव्हा त्या जुन्या ढालींना मागणी आली, एवढेच.

माझ्या स्वतःच्या कामातली एक सकाळ सांगते. एका रुग्णाचा क्लेबसिएला होता, सेफोटॅक्सिम या प्रतिजैविकाला अजिबात न बधणारा. त्याचा प्रतिरोध दुसऱ्या जंतूकडे जातो का ते पाहायचे होते. त्यासाठी जगभर वापरला जाणारा प्रयोगशाळेतला ई. कोलाय आहे, जे५३ नावाचा. निरुपद्रवी. सोडियम अझाइड या रसायनात तो जगतो, पण सेफोटॅक्सिमने हमखास मरतो. दोघांना एका नळीत रात्रभर एकत्र ठेवले. सकाळी ते मिश्रण अशा प्लेटवर पसरले जिच्यात अझाइडही होते आणि सेफोटॅक्सिमही. क्लेबसिएलाला अझाइडने मारायला हवे, जे५३ला सेफोटॅक्सिमने. प्लेट रिकामी राहायला हवी होती. दुसऱ्या दिवशी मी झाकण उघडले तेव्हा तिच्यावर वसाहती होत्या. क्लेबसिएलासारख्या दाट, बुळबुळीत नव्हत्या, चपट्या, ई. कोलायच्या. ज्या जंतूने आदल्या दिवसापर्यंत सेफोटॅक्सिमचे तोंड पाहिले नव्हते तो आता त्या औषधात बसून वाढत होता. रात्री क्लेबसिएलाने त्याला चिकटून प्लाझ्मिड नावाचे डीएनएचे एक छोटे कडे देऊन टाकले होते. जातभाईही नव्हता तो. वेगळ्या प्रजातीचा.

हे मला पुस्तकातून माहीत होते. तरीही खुर्चीत बसून राहिले. पुस्तकातले कडे आणि आपल्या प्लेटवरचे कडे यांत फरक असतो.

हे पहिल्यांदा कळले ते जपानमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे आमांशाच्या शिगेला जंतूंचा उपद्रव होता. १९५०च्या दशकात असे शिगेला सापडू लागले की ज्यांच्यावर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल ही चारही औषधे एकदमच चालत नसत. चार वेगवेगळे बदल एका जंतूत योगायोगाने जमायला फार वेळ लागला असता. १९५९ मध्ये ओचियाई आणि अकिबा यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की आतड्यातला ई. कोलाय आणि शिगेला यांच्यात चारही प्रतिरोध एका गठ्ठ्याने इकडून तिकडे जातात. पुढे २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी कोलिस्टिनविरुद्धचे एमसीआर-१ हे जनुक प्लाझ्मिडवर सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत दिवसभर कुणी फारसे बोलले नाही. कोलिस्टिन मूत्रपिंडाला त्रास देते म्हणून मागे पडलेले जुने औषध. दुसरे काहीच चालेनासे झाल्यावर डॉक्टरांनी ते नाइलाजाने परत काढले होते. त्याचाही प्रतिरोध आता हातोहात देता येण्यासारखा झाला होता, आणि तो डुकरांमध्ये, मांसात आणि माणसांमध्ये अशा तिन्ही ठिकाणी सापडला होता. जनावरांना वजन वाढावे म्हणून हे औषध खाद्यातून दिले जात होते. ज्या रुग्णाला उद्या कोलिस्टिन लागणार आहे त्याने ते आधी घेतलेले असण्याची काही गरजच उरत नाही.

नेदरलँड्समध्ये परदेशी प्रवासाला गेलेल्या दोन हजारांच्या आसपास लोकांचा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निघताना ज्यांच्या आतड्यात सेफोटॅक्सिमसारखी औषधे तोडणारे जंतू नव्हते त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश लोक असे जंतू घेऊन घरी परतले. त्यांतले बहुतेक धडधाकट होते. काहींकडून ते जंतू घरातल्या माणसांकडेही गेले, म्हणजे ज्यांनी प्रवासही केला नव्हता त्यांच्याकडे. यातल्या कुणाच्या 'शरीराला सवय' झाली होती?

क्षयरोगाच्या बाबतीत हा चुकीचा शब्द क्रूर होतो. क्षयाचा जंतू प्लाझ्मिडची देवाणघेवाण करत नाही. त्याचा प्रतिरोध त्याच्या स्वतःच्या जनुकांत झालेल्या बदलांतून येतो. उपचार मध्येच तुटले की असे बदललेले जंतू वर येतात, हे खरे आहे, आणि म्हणून तिथे एका वेळी अनेक औषधे पूर्ण मुदतीपर्यंत द्यावी लागतात. पण एकदा तयार झालेला प्रतिरोधी जंतू खोकल्यातून हवेत जातो, आणि त्या हवेत श्वास घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून प्रतिरोधी क्षयच होतो. पूर्वी क्षयाचे औषध कधीही न घेतलेल्या नव्या रुग्णांतही जगभरात शंभरांत साधारण तिघांचा जंतू रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला दाद देत नाही. अशा रुग्णाला सगळ्यात आधी विचारतात, 'औषधं मध्येच सोडली होतीस ना?' एका तरुण मुलीने मला रडत सांगितले होते, "मॅडम, मी सोडायला ती सुरूच कुठे झाली होती?" तिच्या थुंकीच्या नमुन्यावरचे लेबल मला अजून डोळ्यांपुढे दिसते. घरच्यांचाही तिच्यावर विश्वास नव्हता.

कोर्स पूर्ण करण्याविषयीही थोडे लिहायला हवे, कारण आपल्या लेखात त्यावर एक चौकट होती. औषध लांबवले की प्रतिरोध टळतो, हा सरसकट नियम नाही. लघवीचा किंवा फुफ्फुसाचा जंतुसंसर्ग बरा करायला दिलेली गोळी आतड्यातल्या अब्जावधी निरपराध जंतूंवरही पडत असते. जितके दिवस जास्त, तितके दिवस त्यांच्यातले प्रतिरोधी पुढे येणार. म्हणून साध्या न्यूमोनियासारख्या कितीतरी आजारांत आता पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे उपचार पुरतात, हे काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. याचा अर्थ बरे वाटले की रुग्णाने आपणहून थांबावे असा मुळीच नाही. क्षयात तर ते घातकच. किती दिवस, हे डॉक्टरांना विचारावे आणि डॉक्टरांनी ते सांगताना आजार कोणता याचा विचार करावा. पण 'जास्त दिवस घेतले म्हणजे सुरक्षित' हा समज 'प्रतिरोध शरीराचा' या समजाचेच भावंड आहे. प्रतिरोध जंतूंचा आहे हे एकदा कळले की पुढचा प्रश्न आपसूक येतो: कोणकोणत्या जंतूंवर हे औषध पडते आहे?

तसेच नव्या औषधांच्या बातम्यांचे. 'महाजंतूवर रामबाण औषध सापडले' अशी बातमी वर्षातून दोनदा तरी येते. नवी औषधे हवीतच, आणि ती शोधणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण मेथिसिलिन हे प्रतिजैविक १९५९ मध्ये वापरात आले आणि १९६१ मध्ये त्याला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूची नोंद इंग्लंडमध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी केली. दोन वर्षे. त्याच इंग्लंडमध्ये पुढे हा जंतू, ज्याला एमआरएसए म्हणतात, इतका माजला की २००१ पासून रुग्णालयांना रक्तातल्या एमआरएसएची नोंद सक्तीची झाली आणि २००४ मध्ये सरकारने हे प्रमाण २००८ पर्यंत निम्म्यावर आणायचे ठरवले. ते आले, निम्म्याहूनही खाली. कुठल्याही नव्या औषधाने नाही. हात धुणे, शिरेतल्या नळ्या काळजीने घालणे आणि वेळेवर काढणे, रुग्णांची तपासणी, आणि प्रत्येक रुग्णालयाचा आकडा सगळ्यांना दिसणे, यांनी आले. जंतू हातावरून जातो, तर हात धुतल्याने प्रतिरोध कमी होतो. शरीराची सवय हात धुऊन कशी गेली असती?

लसीचेही तेच. अमेरिकेत २००० साली लहान मुलांना न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची नवी लस द्यायला सुरुवात झाली. २००४ पर्यंत पेनिसिलिनला नीट दाद न देणाऱ्या न्यूमोकोकसचे गंभीर आजार दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये पाचपट कमी झाले. आणि पासष्टीच्या पुढच्या लोकांमध्ये, ज्यांना ही लस मिळालेलीच नव्हती, ते जवळपास निम्म्यावर आले. नातवंडांच्या नाकातला जंतू गेला, म्हणून आजी-आजोबा वाचले. मला विचाराल तर आमच्या विषयातली सगळ्यात सुंदर आकडेवारी हीच आहे. इथे प्रतिकारशक्ती आणि प्रतिरोध हे दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात: मुलांची प्रतिकारशक्ती वाढली, त्यामुळे जंतूंचा प्रतिरोध घटला. आपल्या मथळ्याच्या भाषेत हे वाक्य लिहिताच येणार नाही.

२०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसे प्रतिरोधी जिवाणूंमुळे थेट दगावली, आणि ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी अशा संसर्गाचा संबंध होता, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या लेखात फक्त दुसरा आकडा होता, आणि तोही 'प्रतिरोधामुळे मृत्यू' असा. दोन्ही द्यावेत, फरकासह. पहिला सांगतो की जंतू औषधाला वश असता तर किती वाचले असते; दुसरा सांगतो की संसर्गच झाला नसता तर किती. हात धुणे आणि लसीकरण दुसऱ्या आकड्यावर काम करतात.

आता मागणे. मथळ्यात किंवा मजकुरात 'प्रतिजैविकांविरुद्ध प्रतिकारशक्ती' असे न लिहिता 'जंतूंचा प्रतिरोध' असे लिहावे. 'जंतू' हा शब्द त्यात असलाच पाहिजे; नुसते 'प्रतिरोध वाढला' म्हटले की वाचक पुन्हा स्वतःच्याच शरीराकडे पाहतो. 'औषधाची सवय झाली' याऐवजी 'औषधाला न जुमानणारे जंतू उरले' असे लिहिता येईल. 'उरले' हे क्रियापद मला फार आवडते. मखमलीच्या प्रयोगाचे सगळे सार त्या एका क्रियापदात येते, आणि ते घराघरांतले आहे. 'महाजंतू'सारखे शब्द टाळता आले तर बरे; त्याने भीती वाटते आणि करण्यासारखे काही सापडत नाही.

डॉक्टर मंडळी हे वाचत असतील तर त्यांनाही विनंती. रिपोर्ट सांगताना 'तुमचं शरीर रेझिस्टंट आहे' असे म्हणू नका. 'तुम्हाला झालेल्या संसर्गातला जंतू या औषधाला दाद देत नाही' असे म्हणा. चार शब्द जास्त लागतील. आणि ताप गंभीर असला की पहिला डोस द्यायच्या आधी रक्त कल्चरला काढून ठेवा. औषध थांबवून ठेवायची गरज नसते, सुई टोचायला आणि बाटली भरायला काही मिनिटे लागतात. दादांच्या बाबतीत ती मिनिटे कुणी दिली असती तर ते वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही. जंतूचे नाव दोन-तीन दिवस आधी कळले असते, एवढे नक्की.

हे पत्र पाठवण्यापूर्वी मी वहिनींना वाचून दाखवले. दादांचा उल्लेख त्यांच्या परवानगीने केला आहे. प्लेटचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचायला लावला, आणि मग विचारले, "म्हणजे त्या प्लेटमध्ये त्यांचं काहीच नव्हतं?" मी म्हटले, "नाही. फक्त जंतू होता."

आपली नम्र,
एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्र संशोधक